काचबंद गॅलरी आणि व्हरांड्यासाठी भरीव लाकडाचं फर्निचर: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

धरमपेठ-रामदासपेठेतल्या जुन्या घरांचे व्हरांडे आता काच लावून बंद होतात. बेसा-मनीषनगरकडच्या फ्लॅटमध्ये तर ताबा मिळाल्या मिळाल्या गॅलरीला अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसतात. सकाळचा चहा, पेपर, संध्याकाळच्या गप्पा यासाठी ती घरातली सगळ्यात आवडती जागा होते आणि तिथे चांगल्या लाकडाच्या दोन खुर्च्या असाव्यात असं वाटू लागतं. विचारणारे बहुतेक जण "लाकूड कोणतं घेऊ?" इथून सुरुवात करतात. नागपूरच्या हवेत त्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात: ते लाकूड किती वाळलेलं आहे आणि ते कसं जोडणार आहेत. खालच्या उत्तरांत याच दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतील.

गॅलरी बंद आहे, पाऊस आत येत नाही. मग हॉलमधलं फर्निचर तिथे का चालणार नाही?

पावसाच्या थेंबापेक्षा हवेतला ओलावा लाकडाला जास्त छळतो. लाकूड भोवतालच्या हवेतून ओल घेतं तेव्हा फुगतं, आणि ती सोडतं तेव्हा आकसतं. हे कापून-तासून झालेल्या, वर्षानुवर्षं जुन्या लाकडातही चालूच राहतं. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली उतरते. जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्या वर जाते. पहिल्या हवेत लाकूड पुरेसा काळ राहिलं तर त्यातला ओलावा सुमारे ४ टक्क्यांवर येतो, दुसऱ्या हवेत १५-१६ टक्क्यांवर जातो. प्रत्यक्षात जाड लाकूड या दोन टोकांपर्यंत पोहोचत नाही, कारण ते सावकाश बदलतं आणि पॉलिश त्याला आणखी थोडं थोपवतं. तरी ५-६ टक्क्यांचा फरक वर्षाकाठी पडतोच.

याचा अर्थ मिलिमीटरमध्ये सांगतो. सागाचा साधारण दीड फूट रुंद टेबलाचा पाट घ्या. फळ्या साध्या कापाच्या, म्हणजे ओंडका सरळ समांतर चिरून काढलेल्या असतील तर ६ टक्के ओलाव्याच्या फरकाला तो रुंदीत सुमारे ५ मिमी कमी-जास्त होतो. साग हे त्यातल्या त्यात कमी हलणारं लाकूड, त्याचं हे. लांबीत मात्र फरक जवळजवळ पडत नाही. रुंदी हलते, लांबी हलत नाही, आणि फर्निचरमधल्या बहुतेक भेगा, वाकलेल्या फळ्या, अडकणारे ड्रॉवर यांचं मूळ इथे असतं.

हॉलमध्ये हा बदल सौम्य असतो. काचबंद गॅलरीत त्यावर ऊन चढतं. काचेतून आलेली उष्णता आतच कोंडते आणि उन्हात असलेला लाकडाचा पृष्ठभाग हवेपेक्षाही तापतो. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती, ती सावलीतल्या तापमापकाची. काचेमागे उन्हात ठेवलेल्या खुर्चीच्या हाताची गोष्ट त्याच्या पुढची.

गॅलरीची दिशा किती महत्त्वाची?

फार महत्त्वाची. पश्चिमेची गॅलरी सगळ्यात कठीण. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीन ते सूर्यास्तापर्यंत ऊन तिरकं आणि खोलवर आत येतं, तेही दिवसभर हवा तापून झाल्यावर. पूर्वेला सकाळचं ऊन येतं, पण तेव्हा हवा त्यामानाने थंड असते.

दक्षिणेबद्दल मात्र लोकांचा अंदाज चुकतो. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या अखेरीस, ऐन नवतप्यात, भरदुपारी सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून तेव्हा थेट ऊन फारसं येत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी बारालाही क्षितिजापासून ४५ अंशांवरच असतो आणि ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत पोहोचतं. म्हणजे दक्षिणेच्या गॅलरीतलं लाकूड रंग बदलतं ते हिवाळ्यात. खुर्ची कुठे ठेवायची हे मेमध्ये ठरवलं असेल, तर डिसेंबरात पुन्हा बघा.

हार्डवुड म्हणजे टणक लाकूडच ना?

तसं नेहमीच नसतं. रुंद पानांच्या झाडांचं लाकूड ते हार्डवुड, सूचिपर्णी झाडांचं ते सॉफ्टवुड. साग, शिसम, बाभूळ, आंबा पहिल्या गटात. चीड आणि देवदार दुसऱ्यात. आपल्या सावरीचं लाकूड नखाने ओरखडावं इतकं मऊ असतं, तरी शास्त्राच्या हिशेबाने ते हार्डवुडच. त्यामुळे दुकानदार नुसतं "हार्डवुड आहे" म्हणाला तर झाडाचं नाव विचारा.

सागच घ्यावा का? महाग पडतो.

बजेट असेल तर घ्या, आणि विदर्भात राहून सागाला नाही म्हणणं मला तरी जड जातं. आलापल्ली, चंद्रपूर, बल्लारपूर हा सागाचा मुलूख आपल्या दाराशी आहे. व्यापारात अजूनही ज्याला "सीपी टीक" म्हणतात तो जुन्या मध्य प्रांताचा, म्हणजे इकडचाच साग. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून साग गेला, नव्या संसद भवनासाठीही नागपूरहून गेला.

पण नावावर जाऊ नका. सागाचा सगळा गुण त्याच्या गाभ्यात असतो. गाभ्यात नैसर्गिक तेल आणि किडीला न मानवणारी द्रव्यं असतात, त्याचं आकुंचन कमी, वजन बेताचं, साधारण घनमीटरला ६५० किलो. सालीलगतचा पांढुरका भाग मात्र सागाचा असला तरी उधईला आणि भुसा पाडणाऱ्या किड्याला इतर कोणत्याही लाकडाइतकाच आवडतो. कमी वयात तोडलेल्या झाडात हा पांढरा भाग जास्त आणि तेल कमी असतं. "साग आहे" म्हणून स्वस्तात मिळालेल्या खुर्चीच्या पायात पांढरा पट्टा दिसत असेल, तर ती स्वस्त का आहे ते कळलंच.

ताज्या कापलेल्या सागात हिरवट-करड्या रेषा दिसतात. त्याने घाबरू नका, उजेडात काही आठवड्यांत रंग सोनेरी होतो.

साग परवडत नाही. दुसरं काय?

शिसम चांगला. सागापेक्षा जड, टणक, नक्षीदार. जोधपूरकडून येणारं बरंच तयार फर्निचर शिसमचं किंवा आंब्याचं असतं. शिसमचा गाभा टिकाऊ आहे, पण काचेमागच्या उन्हात त्याचा गडद रंग हळूहळू उतरतो. पश्चिमेच्या गॅलरीत हे दोन-तीन उन्हाळ्यांत दिसेल.

बीजा हे आपल्या जंगलातलं लाकूड, मजबूत आणि देखणं. ओलं झालं की रंग सोडतं, म्हणून फिकट कापडाच्या गाद्यांखाली ते चांगलं पॉलिश केल्याशिवाय वापरू नका. शिवण हलकी असते आणि वाळताना फारशी वाकत नाही. छोटं स्टूल, शेल्फ, खुर्चीची पाठ यासाठी मला ती आवडते. वजन पेलणाऱ्या पायांना मात्र नको.

ऐन, ज्याला आपल्याकडे येन म्हणतात, स्वस्त आणि भक्कम असतो, दारं-चौकटींत खूप वापरला जातो. वाळताना तो चिरतो. गॅलरीतल्या उन्हात नवा ऐन नकोच. जुन्या घराची तुळई मिळाली तर वेगळी गोष्ट. बाभळीचंही तसंच. बैलगाडीच्या चाकांना पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं हे लाकूड ताकदीला कुणाला हार जाणार नाही, पण तिला सावकाश वाळवायला वेळ द्यावा लागतो आणि ती तासायला मिस्त्री कुरकुरतात.

आंबा आणि रबरवुड दोन्ही प्रक्रिया केलेलं असेल तरच घ्या. प्रक्रियेविना दोघांनाही कीड लवकर लागते. रबरवुड पाण्याला फार नाजूक आहे, झड येणाऱ्या खिडकीजवळ ठेवू नका.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचे तंतू किंवा भुसा गोंदाने दाबून केलेले बोर्ड, या जागेसाठी नाहीत. एकदा पाणी पिऊन फुगलेला बोर्ड परत पहिल्यासारखा होत नाही.

लकडगंजला लाकूड घ्यायला गेलो तर नेमकं काय पाहू?

आधी ओलावा. चांगल्या टिंबर मार्टमध्ये मॉइश्चर मीटर असतो. नसेल तर तुमच्या मिस्त्रीकडे किंवा इंटिरियरवाल्याकडे असतो, ऑनलाइनही छोटा मिळतो. वर सांगितलेली दोन टोकं लक्षात घेतली तर आपल्याकडे ८ ते १० टक्के हा बरा आकडा, १२ च्या पुढे असेल तर थांबा. फळीच्या टोकाला मोजू नका, टोकं आधी वाळतात. मधोमध मोजा, शक्य असेल तर नुकत्याच कापलेल्या तोंडावर मोजा.

"हवेत वाळवलंय" आणि "भट्टीत वाळवलंय" यातला फरक विचारा. हवेत वाळवलेलं लाकूड वाईट नसतं. पण पावसाळ्यात शेडमध्ये पडलेलं लाकूड १५ टक्क्यांच्या खाली येणार कसं? तेच सप्टेंबरात आणून फर्निचर केलं तर मेमध्ये ते आकसणार. माझा सल्ला असा की घडवण्याचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. त्या महिन्यांत हवा दोन टोकांच्या मधली असते, त्यामुळे पुढे लाकूड दोन्हीकडे थोडं थोडं हलतं, एकाच दिशेने खूप हलत नाही. कापलेल्या फळ्या कामाआधी दोन-तीन आठवडे घरातच, मध्ये पट्ट्या ठेवून, भिंतीपासून सुट्या रचून ठेवता आल्या तर फारच उत्तम.

मग फळी उचला आणि डोळ्यासमोर धरून लांबीत पाहा. पिळलेली असेल तर तासून सरळ होईल असं कुणी म्हणेल. होईल, पण काही महिन्यांनी पुन्हा पिळेल. घट्ट, न हलणारी छोटी गाठ चालते. सैल, काळी गाठ पायात किंवा हातात नको.

हिशेब घनफुटात होतो. फुटातली लांबी, इंचातली रुंदी आणि इंचातली जाडी यांचा गुणाकार करून १४४ ने भागा. ६ फूट लांब, ६ इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे ०.३७५ घनफूट. कापण्या-तासण्यात बरंच वाया जातं, म्हणून तयार फर्निचरचं माप काढून तेवढंच लाकूड घेऊ नका. मिस्त्रीकडून कापाची यादी लिहून घ्या. आणि पक्कं बिल मागा. सागाच्या वाहतुकीला वन खात्याचा परवाना लागतो. ज्याच्याकडे कागद आहेत तो दाखवायला कांकू करत नाही.

मिस्त्रीला काय सांगायचं?

इथे जरा थांबा, कारण चांगलं लाकूड वाया जातं ते बहुधा याच टप्प्यावर.

लाकडाला रुंदीत हलायला जागा ठेवा, एवढंच सगळ्याचं सार. टेबलाचा पाट खालच्या चौकटीला चहूबाजूंनी गोंदाने चिकटवला तर मेमध्ये आकसणारा पाट आणि न हलणारी चौकट यांच्या ओढाताणीत पाट मधून फाटतो. पाट स्क्रूने बसवायला सांगा आणि चौकटीतली स्क्रूची भोकं लांबट ठेवायला सांगा, म्हणजे स्क्रू घट्ट राहूनही पाट सरकू शकेल. कपाटाच्या दारात भरीव फळी असेल तर ती चौकटीच्या खाचेत मोकळी बसू दे, गोंद नको. पाटाच्या टोकाला आडवी पट्टी हवी असेल तर ती फक्त मधोमध चिकटवा.

एकच रुंद फळी दिसायला देखणी असते, पण तीन-चार इंचांच्या पट्ट्या जोडून केलेला पाट कमी वाकतो. बाकांच्या बैठकीला तर सलग फळीऐवजी पट्ट्या आणि त्यांत ४-५ मिमी फट ठेवा. हवा खेळते, घाम साचत नाही आणि फुगण्याचा प्रश्नच उरत नाही.

खुर्चीच्या पायाचे सांधे खाच-जिभेचे करून घ्या. नुसता स्क्रू आणि गोंद उन्हाळ्यात सैल होतो, मग खुर्ची डुगडुगते. गोंद पाणी आणि उष्णता सहन करणारा सांगून आणा, साधा पांढरा गोंद तापल्यावर मऊ पडतो. स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे. बाभूळ, ऐन, बीजा यांतली टॅनिनं ओल्या लोखंडाला लागली की काळे डाग पडतात आणि ते तासल्याशिवाय जात नाहीत.

ड्रॉवर हिवाळ्यात बसवत असाल तर पावसाळ्याच्या फुगण्यासाठी वर-खाली फट मोकळी सोडा. आणि पायांच्या तळाला रबर किंवा नायलॉनचे बूच. आपण गॅलरी पाणी ओतून धुतो. पायाचं आडवं कापलेलं तोंड ते पाणी वर ओढून घेतं. बूच लावायच्या आधी त्या तोंडावरही पॉलिशचे दोन-तीन हात मारून घ्या.

गॅलरीतच कूलर आहे. चालेल का?

नागपुरात हा प्रश्न टळत नाही. मार्चमध्ये ताट्या बदलून कूलर लागला की तो पावसापर्यंत चालतो. बाहेर हवा कोरडी ठणठणीत, आणि कूलरच्या झोतात आर्द्रता ६०-७० टक्क्यांपर्यंत सहज जाते. रात्री ओली हवा, दुपारी काचेचं ऊन, असा फेरा लाकडावर रोज चालू राहतो, तोही त्याच्या एकाच अंगावर. एक बाजू फुगते, दुसरी आकसते, फळी वाकते.

फर्निचर झोतात ठेवू नका आणि कूलरच्या टाकीपासून दोन-तीन फूट लांब ठेवा. कूलर गॅलरीच्या आत ठेवला असेल तर मागची खिडकी उघडी हवीच, नाहीतर तो तीच दमट हवा पुन्हा ओढतो. मग गारवाही कमी आणि लाकडाचेही हाल. फर्निचरची खालची, न दिसणारी बाजूसुद्धा वरच्याइतकीच पॉलिश करून घ्या. दोन्ही बाजूंनी ओलावा सारख्या वेगाने ये-जा करत असेल तर फळी वाकायचं कारण कमी होतं. पैसे वाचवायला खालची बाजू कोरी ठेवतात, तेवढं करू देऊ नका.

कोणतं पॉलिश?

लाखेचं फ्रेंच पॉलिश सुंदर दिसतं, पण पाण्याच्या पेल्याचा पांढरा गोल डाग आणि उष्णता त्याला सोसत नाही. हॉलसाठी ठेवा. मेलामाइन उन्हात पिवळं पडतं आणि तडकतं. काचबंद जागेसाठी बाहेरच्या वापराचं, अतिनील किरण अडवणारं, न पिवळणारं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश घ्या. डब्यावर तसं लिहिलेलं असतं, ते स्वतः वाचा. चकचकीतपेक्षा मॅट बरं, ओरखडे आणि धूळ कमी दिसते.

तेलाचं पॉलिश मला स्वतःला जास्त पटतं. ते पापुद्रा धरत नाही, म्हणून सोलतही नाही, आणि वर्षातून एक-दोनदा घरच्या घरी पुन्हा लावता येतं. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा, एवढं पुरे. ओलावा मात्र ते पीयूइतका थोपवत नाही. जवसाचं तेल वापरत असाल तर कच्चं नको, लवकर वाळणारं, फर्निचरसाठीचं घ्या.

एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि ढिगात ती कोंडून फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. आपल्या उन्हाळ्यात तर धोका आणखी वाढतो. फडकी पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

काचेला फिल्म लावली तर लाकडाचा रंग टिकेल?

बराच टिकेल. साधी काच अतिनील किरणांतला काही भागच अडवते, यूव्ही-ए बहुतांश आत येतात. लॅमिनेटेड काच किंवा चांगली फिल्म ते जवळजवळ सगळे थांबवते. पण रंग दृश्य उजेडानेही बदलतो, म्हणून बदल मंदावतो, पूर्ण थांबत नाही. उष्णतेसाठी आतल्या पडद्यापेक्षा काचेच्या बाहेर लावलेली वाळ्याची ताटी किंवा बांबूची चिक कितीतरी प्रभावी, कारण ऊन काचेतून आत यायच्या आधीच अडतं.

टेबलावरचा रनर, कुंडी, गादी महिन्यातून एकदा सरकवत जा. नाहीतर त्यांच्या आकाराचा वेगळा रंग लाकडावर उमटतो.

उधईचं काय?

भिंतीला टेकवून ठेवू नका, चार बोटं अंतर सोडा. उधई भिंतीवरून मातीची नळी करत येते, अंतर असलं की ती दिसते. पांढऱ्या भागाचं लाकूड वापरावंच लागलं तर पॉलिशआधी बोरॅक्स-बोरिक आम्लाच्या द्रावणाची प्रक्रिया करून घ्या. फर्निचरखाली पिठासारखा बारीक भुसा दिसला तर ती उधई नव्हे, लाकडातला किडा आहे. त्यावर वेगळा इलाज, आणि लवकर.

आजोबांच्या काळची सागाची आरामखुर्ची आहे. गॅलरीत ठेवू का?

ठेवा, ती नव्या खुर्चीपेक्षा बरी वागेल. इतके उन्हाळे-पावसाळे पाहिलेलं लाकूड हलायचं थांबत नाही, पण त्यातले ताण बरेच निघून गेलेले असतात. फक्त तिच्यावर लाखेचं जुनं पॉलिश असेल तर थेट उन्हात नको. कापड काढून सांधे तपासा, सैल असतील तर उकलून पुन्हा चिकटवा, खिळा ठोकू नका. खिळ्याने जुना साग चिरतो आणि पुढच्या दुरुस्तीची वाट बंद होते.

आणि बंगई?

काचबंद व्हरांड्यात बंगईसारखं सुख नाही. पाट सागाचा, किमान दीड इंच जाड, दोन-तीन फळ्या जोडून केलेला असावा. खाली दोन आडव्या पट्ट्या स्क्रूने, लांबट भोकं ठेवून लावा, म्हणजे पाट वाकणार नाही आणि फाटणारही नाही. कड्यांचे बोल्ट त्या पट्ट्यांतूनही आरपार जाऊ द्या, सगळं वजन नुसत्या पाटावर नको. हुक बीममध्ये हवेत. प्लास्टरमध्ये किंवा फॉल्स सीलिंगच्या चौकटीत अजिबात नाही. जुन्या स्लॅबबद्दल शंका असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. पितळी कड्या उन्हात चटका देतील इतक्या तापतात, त्यामुळे घरात लहान मुलं असतील तर हाताच्या उंचीपर्यंत सुती दोरी गुंडाळून घ्या. आणि झोका मागे-पुढे जाईल तेवढी जागा मोजूनच काच बसवा. आधी काच आणि मग बंगई असा क्रम झाला, तर बंगई आडवी फिरवून लावावी लागते.